इंग्रजीत 'उद्या'बद्दल बोलताना वर्तमानकाळ : 'विल' कुठे हवं, कुठे नको

केवडा

मंडळी, मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. दुकानांत काम करणारी मुलं, परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या नर्स, मुलाकडे राहायला जाणारे आजी-आजोबा असे सगळे एकत्र बसतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. 'टुमॉरो' आलं की 'विल' आलंच. "आय विल गो टू मुंबई टुमॉरो." "माय ट्रेन विल लीव्ह ॲट सेव्हन फिफ्टीन." "माय सिस्टर विल गेट मॅरीड इन मे."

व्याकरणाच्या दृष्टीने यातलं एकही वाक्य चूक नाही. पण ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात ती माणसं ही तिन्ही वाक्यं बहुधा 'विल' न घालता बोलतील. "आयॅम गोइंग टू मुंबई टुमॉरो." "माय ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन." "माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड इन मे." तिन्ही क्रियापदं वर्तमानकाळी आहेत आणि तिन्ही गोष्टी अजून घडायच्या आहेत.

शाळेत आपण बारा काळांचा तक्ता पाठ केला. त्यात भविष्यकाळाच्या चौकटीत 'विल' आणि 'शॅल' होतं, म्हणून क्रिया कधी घडणार यावरून रूप ठरतं अशी आपली समजूत झाली. इंग्रजी मात्र आधी दुसरंच बघते. ही गोष्ट होणार, हे तुम्ही कशाच्या भरवशावर सांगताय?

वेळापत्रकाच्या किंवा पंचांगाच्या भरवशावर सांगत असाल तर साधा वर्तमानकाळ. "डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन." "द मॅच स्टार्ट्स ॲट सेव्हन थर्टी." "टुमॉरो इज संडे." इथे कोणाची इच्छा किंवा बेत मध्ये येत नाही, छापील गोष्ट वाचून दाखवल्यासारखं आहे.

माणसांनी आपसात ठरवून ठेवलेलं असेल तर चालू वर्तमानकाळ. "आयॅम सीइंग द डेंटिस्ट ऑन मंडे" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, की वेळ घेतलेली आहे, तिकडे वहीत नाव लागलेलं आहे. "वी आर हॅविंग पीपल ओव्हर ऑन सॅटरडे" म्हणजे आमंत्रणं गेली आहेत.

मनात बेत आहे पण कोणाशी काही ठरलेलं नाही, किंवा समोर चिन्हं दिसताहेत, तर 'गोइंग टू'. आभाळ भरून आलंय, "इट्स गोइंग टू रेन." यातही 'इज' आणि 'गोइंग' ही रूपं वर्तमानाचीच आहेत, हे लक्षात घ्या.

मग 'विल' कशाला? आत्ता, बोलता बोलता घेतलेला निर्णय, दिलेला शब्द, देऊ केलेली मदत आणि नुसता अंदाज. दाराची घंटा वाजली, "आय'ल गेट इट." ही 'विल'ची हक्काची जागा.

तुमचे अनुभव लिहा. आणि मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो, यावर मला जास्त चर्चा हवी आहे. कारण माझ्या मते आपल्या अडचणी सरसकट 'भारतीयांच्या अडचणी' नाहीत, त्यातल्या काही खास मराठीतून आलेल्या आहेत.

दुपारचा_चहा

ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण मुलगी नववीत आहे आणि परीक्षेत 'सिंपल फ्यूचर' असा प्रश्न येतो. तिथे तिने काय लिहायचं? इथलं वाचून ती गोंधळेल अशी भीती वाटते.

केवडा

परीक्षेत जे रूप विचारलंय तेच लिहायचं. 'सिंपल फ्यूचर करा' म्हटलं की 'विल' घालायचं, त्यात वाद नाही. पण तिला एवढं जरूर सांगा, की तो रूप ओळखण्याचा प्रश्न आहे. पाहुण्यांशी बोलताना कोणतं रूप वापरायचं, हा वेगळा प्रश्न. नववीतल्या मुलीला हा फरक नीट कळतो. मुलांना दोन गोष्टी एकाच वेळी समजत नाहीत असं आपण उगाच धरून चालतो.

जुना_वाचक

धागा वाचून फार समाधान वाटलं. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, तेव्हा थोडं त्या बाजूने लिहितो.

पाणिनीचं सूत्र आहे : 'वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा' (३.३.१३१). वर्तमानाच्या जवळची गोष्ट, मग ती नुकतीच झालेली असो वा लवकरच होणारी, विकल्पाने वर्तमानाच्या प्रत्ययांनी सांगता येते. काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण दिलं आहे. "कदा देवदत्त गमिष्यसि?" देवदत्ता, कधी जाणार? उत्तर : "एष गच्छामि." हा निघालोच. प्रश्न भविष्यकाळात आणि उत्तर वर्तमानकाळात.

मराठी व्याकरणात यालाच संनिहित भविष्यकाळ म्हणतात. "तुम्ही पुढे व्हा, मी येतोच." ज्याला हे वाक्य येतं त्याला "आयॅम कमिंग" परकं वाटायचं कारण नाही. मराठी तर आणखी पुढे जाते, "आलोच" म्हणते. माणूस अजून घरातच आहे आणि क्रियापद भूतकाळी.

आणखी एक सूत्र तुमच्या कामाचं आहे. 'यावत्पुरानिपातयोर्लट्' (३.३.४). 'यावत्' आणि 'पुरा' हे निपात, म्हणजे अव्ययं, असताना भविष्यातली क्रियाही लट्-मध्ये, म्हणजे वर्तमानात सांगायची. इंग्रजीत 'अंटिल' आणि 'बिफोर'नंतर काय होतं ते आठवून पाहा.

शब्दवेडा

काका, अंगावर काटा आला. 'अंटिल ही कम्ज', 'बिफोर ही कम्ज'. इतक्या दूरच्या दोन भाषांत एकच खोड!

जुना_वाचक

तशा फार दूरच्या नाहीत, एकाच भाषाकुळातल्या आहेत. मात्र ही खोड एकीकडून दुसरीकडे गेली असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. जे व्हायचंय ते आधीच गृहीत धरून वाक्य पुढे जातं तेव्हा 'होणार' हे वेगळं सांगायची गरज उरत नाही. दोन भाषांना हे आपापलं सुचू शकतं.

मेलबर्नची_मैना

इथे रुग्णालयात नर्स आहे. आमचं सगळं जगणं रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर चालतं, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आमच्या वॉर्डात भारतातून नव्याने आलेल्या एका मुलीला पुढच्या आठवड्याबद्दल विचारलं. तिने सांगितलं, "आय विल वर्क ऑन सॅटरडे." तिला म्हणायचं होतं, माझी शनिवारी ड्यूटी लागलेली आहे. समोरच्या इन-चार्जने ऐकलं असं, की ही शनिवारी जादा काम करायला आपणहून तयार आहे. तिने आभार मानले आणि रिकामी असलेली दुसरी पाळी हिच्या नावावर लावली. दोघींच्या मनात काही वाईट नव्हतं. "आयॅम वर्किंग सॅटरडे" एवढं म्हटलं असतं तर हे झालं नसतं.

इथे कोण काय म्हणतं ते सांगते. "आय स्टार्ट ॲट सेव्हन टुमॉरो." "आयॅम ऑन नाइट्स नेक्स्ट वीक." "बेड फोर गोज टू थिएटर ॲट टेन" (थिएटर म्हणजे ऑपरेशनची खोली). हे सगळं रोस्टर आणि यादी बघून बोललेलं, म्हणून साधा वर्तमानकाळ. "हर डॉटर इज पिकिंग हर अप आफ्टर लंच", हे मुलीने फोन करून कळवलेलं, म्हणून चालू वर्तमानकाळ. आणि रुग्णाने बेल वाजवली, पाणी हवंय, तर "आय'ल ब्रिंग यू सम." तिथे "आयॅम ब्रिंगिंग" म्हटलं तर 'आणतेच आहे, जरा थांबा' असा घाईचा सूर लागतो. म्हातारी माणसं तो सूर बरोबर ओळखतात.

केवडा

मैना, हे उदाहरण मी वर्गात वापरणार. 'विल'मध्ये इच्छेचा अंश असतो, तो इथे स्पष्ट दिसतो. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थच 'इच्छिणे' असा होता, आणि 'शॅल'चा 'देणं लागणे, बांधील असणे'. त्या काळी क्रियापदाला भविष्याचं वेगळं रूप नव्हतंच, वर्तमानाचंच रूप चालायचं. पुढे हे दोन शब्द मदतीला आले, पण आपला मूळ स्वभाव त्यांनी पूर्ण सोडला नाही. म्हणून "आय वोन्ट कम" म्हणजे 'मी येणार नाही म्हणजे नाही', आणि "आयॅम नॉट कमिंग" म्हणजे 'माझं यायचं ठरलेलं नाही'. लग्नाच्या आमंत्रणाला उत्तर देताना पहिलं वाक्य घातलं तर माणसं दुखावतील.

शब्दवेडा

मग इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच, असं जे म्हणतात ते खरं का?

केवडा

रूपाच्या दृष्टीने पाहिलं तर बरेच भाषाशास्त्रज्ञ तसंच म्हणतात. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणात हीच भूमिका आहे. 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, पण 'चालेल'सारखं एकच एक रूप त्या क्रियापदाला नाही. 'विल' हे 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांच्या पंगतीतलं.

याचा एक चांगला पुरावा म्हणजे 'विल' चक्क आत्ताच्या गोष्टीबद्दलही येतं. बेल वाजते आणि कोणी म्हणतं, "दॅट'ल बी द पोस्टमन." पोस्टमन आत्ता दारात उभा आहे, तो पुढे कधी येणार असा अर्थ नाही. हा अंदाज आहे. मराठीतही तेच होतं. "तो आता घरी असेल." 'असेल' हे भविष्याचं रूप, पण बोलणं आत्ताबद्दल. म्हणजे आपल्याकडे भविष्याचं खरंखुरं रूप असूनही ते अंदाजाच्या कामाला जुंपलेलं आहे.

दुपारचा_चहा

'आय शॅल' आणि 'यू विल' असा भेद आम्हाला शिकवला होता. तो कुठून आला?

केवडा

जॉन वॉलिस नावाचा इंग्रज गणिती होता. त्याने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात हा नियम येतो. 'मी-आम्ही'बरोबर 'शॅल' लावलं तर साधं भविष्य आणि 'विल' लावलं तर वचन किंवा धमकी, बाकी पुरुषांत उलट. पुढची दोन-तीन शतकं शाळांनी तो जपला. आजच्या बोलण्यात 'शॅल' मुख्यतः प्रश्नात उरलंय : "शॅल आय ओपन द विंडो?", "शॅल वी गो?" एवढं आलं तरी पुरे.

वकीलसाहिबा

माझ्या क्षेत्रात 'शॅल' भरपूर जिवंत आहे! करारनाम्यात 'द टेनंट शॅल पे' म्हणजे भाडेकरूवर बंधन. पण त्याच वाक्याचा अटीचा भाग बघा : "इफ द टेनंट फेल्स टू पे." तिथे वर्तमानच. नवे ज्युनिअर मसुदा करताना हमखास 'इफ द टेनंट शॅल फेल' किंवा 'विल फेल' लिहितात. जुन्या दस्तांत 'इफ ही शॅल फेल' सापडतं, पण आज अट साध्या वर्तमानात लिहिणंच चांगलं समजतात. बंधन कुठलं आणि अट कुठली, हे क्रियापदावरूनच वेगळं दिसायला हवं.

केवडा

वकीलसाहिबा, तुम्ही मला हवं होतं तिथेच आणून सोडलंत. आता मराठीच्या खास अडचणींबद्दल लिहिते. प्रतिसाद मोठा होईल.

इंग्रजीत 'इफ', 'व्हेन', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज', 'अनलेस' यांच्या मागच्या वाक्यात भविष्याची गोष्ट वर्तमानकाळात सांगतात. 'विल' फक्त मुख्य वाक्यात. "आय'ल टेल यू व्हेन ही कम्ज." हा नियम सगळे शिकवतात आणि सगळे विसरतात. का विसरतात, याचं उत्तर मला मराठीत सापडतं.

मराठीत ही गोष्ट सांगायच्या निदान तीन तऱ्हा आहेत, आणि प्रत्येक तऱ्हा वेगळी चूक घडवते.

"जेव्हा तो येईल तेव्हा मी सांगेन." दोन्हीकडे भविष्यकाळ. हे मनात ठेवून इंग्रजी बोललं की "व्हेन ही विल कम, आय विल टेल" असं होतं. ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक.

"तो आला की सांगते." "पाऊस पडला तर सामना रद्द होईल." इथे आपण भूतकाळी रूप वापरतो. ते तसंच उचललं की "इफ इट रेन्ड, द मॅच विल बी कॅन्सल्ड" तयार होतं. ही चूक जास्त घातक आहे, कारण इंग्रजीत अटीतला भूतकाळ 'हे व्हायची शक्यता कमी' असं सुचवतो. "इफ यू केम टुमॉरो" ऐकून समोरच्याला वाटतं, याला मी येईन असं वाटतच नाहीये. मराठीतल्या 'तुम्ही आलात तर'मध्ये असलं काहीच नसतं, उलट आग्रह असतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे "तो येईपर्यंत थांब." यातला 'येई' कानाला भविष्यासारखा लागतो, आणि मग "वेट अंटिल ही विल कम."

म्हणून मी वर्गात नियम सांगण्याआधी मराठी वाक्य बोलायला लावते. 'की', 'तर', 'पर्यंत', 'आधी', 'वर' यातलं काही आलं, की त्या तुकड्याचं इंग्रजी करताना वर्तमान. "काम झालं की फोन कर" याला "कॉल मी व्हेन यू फिनिश" चालतं. काम पुरतं संपण्यावर जोर असेल तर "व्हेन यू'व्ह फिनिश्ड." मराठीतलं 'झालं' त्या दुसऱ्या रूपाच्या जास्त जवळचं आहे, आणि हे रूपही वर्तमानाच्याच घरातलं.

जुना_वाचक

केवडाताई, भूतकाळाच्या त्या तऱ्हेलाही पाणिनी आहे बरं का. 'आशंसायां भूतवच्च' (३.३.१३२). आशा व्यक्त करताना भविष्यातल्या गोष्टीला भूतकाळाचे किंवा वर्तमानाचे प्रत्यय विकल्पाने लागतात. काशिकेतलं उदाहरण : "उपाध्यायश्चेदागमत्", गुरुजी आले तर, मग आम्ही व्याकरण शिकू. आपलं 'आले तर' नेमकं हेच सांगतं. तेव्हा मुलांना हे मराठीतलं वेडंवाकडं वळण आहे असं सांगू नका, त्याला मोठी परंपरा आहे. इंग्रजीने तिथे दुसरी वाट धरली, एवढंच.

केवडा

काका, अगदी हेच हवं होतं. मुलांना आपल्या भाषेची लाज वाटू न देता इंग्रजी शिकवायचं असेल तर असा आधार लागतो.

म्हापशेकर

मी गोव्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करतो. आमच्या कोंकणीतही "हांव फाल्यां येतां" म्हणतात, वर्तमानच. त्यामुळे बोलताना अडलं नाही, प्रश्न विचारताना अडायचं. पाहुण्याला "व्हेन विल यू लीव्ह?" विचारलं तर तो जरा चमकतो, जणू आम्ही त्याला घालवतोय. "व्हेन आर यू चेकिंग आउट?" किंवा "हाउ लाँग आर यू स्टेइंग विथ अस?" विचारलं की प्रश्न त्याच्या ठरलेल्या बेताबद्दल होतो, तो आनंदाने सांगतो. आणखी नरम विचारायचं असेल तर "विल यू बी हॅविंग डिनर विथ अस टुनाइट?" यात 'विल' आहे, पण पुढे 'बी हॅविंग' आल्याने आग्रह राहत नाही. "विल यू हॅव डिनर विथ अस?" म्हटलं तर ते आमंत्रण होतं, आणि मग बिल कोण देणार असा प्रश्न पाहुण्याला पडतो!

मेलबर्नची_मैना

म्हापशेकर, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. "आर यू कमिंग?" म्हणजे ठरलंय का. "विल यू कम?" म्हणजे याल का, विनंती. हे मराठीत 'येताय का' आणि 'याल का' असं जसंच्या तसं आहे. इथे तरी आपल्याला काही नवीन शिकायचं नाही.

शब्दवेडा

एक शंका. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ, मग "इंडिया विन्स टुमॉरो" का चालत नाही? "इंडिया प्लेज ऑस्ट्रेलिया टुमॉरो" तर पेपरात वाचतो.

केवडा

कारण सामना वेळापत्रकात आहे, निकाल नाही. खेळणं आधी ठरवता येतं, जिंकणं ठरवता येत नाही. म्हणून जिंकण्याला "विल विन" किंवा "आर गोइंग टू विन." याच कारणाने "इट रेन्स टुमॉरो" चालत नाही आणि "इट इज रेनिंग टुमॉरो" तर त्याहून नाही, पावसाशी कोणी वेळ ठरवलेली नसते. सूर्योदयाचा मिनिट मात्र आधीच छापलेला असतो, म्हणून "द सन राइझेस ॲट सिक्स टेन टुमॉरो" ठीक. "इज रायझिंग" नको, सूर्य आपला बेत आखत नाही. २०२६ सालचा पंधरा ऑगस्ट शनिवारी आहे, ते "फॉल्स ऑन अ सॅटरडे."

आणि गाडी उशिरा सुटणार असेल तर छापलेलं वेळापत्रक बाजूला पडतं, कोणीतरी नव्याने ठरवलेलं असतं. मग स्टेशनवर म्हणतात, "इट युज्वली लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन, बट टुडे इट्स लीव्हिंग ॲट एट."

सातारी_कंदी

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी मालवाहतुकीच्या कंपनीत आहे, इंग्लंडच्या गिऱ्हाइकांना मेल लिहावे लागतात. माझी अडचण उलटी आहे. मी 'विल' गाळतो. "आय सेंड यू द रिपोर्ट टुमॉरो." "आय चेक अँड इन्फॉर्म." साहेब म्हणतात हे तुटक वाटतं, पण का ते सांगत नाहीत.

केवडा

सातारी, ही मराठीची चौथी देणगी, आणि पुस्तकांत हिच्याबद्दल मी वाचलेलं नाही. वर्गात मात्र रोज ऐकते.

आपण शब्द देतो, मदत देऊ करतो, ते साध्या वर्तमानात. "मी उद्या फोन करतो." "थांब, मी उचलते." "बघतो आणि सांगतो." मराठीत हे अगदी नैसर्गिक, आणि 'करेन'पेक्षा भरवशाचंही. 'मी फोन करेन' ऐकलं की आपल्याला वाटतं, करेल किंवा नाही करणार. 'करतो' म्हटलं की झालंच. त्यामुळे मराठी माणूस प्रामाणिकपणे, पक्का शब्द देण्यासाठी "आय कॉल यू टुमॉरो" म्हणतो.

इंग्रजीत नेमकं उलटं आहे. शब्द देण्याची जागा 'विल'ची. तिथे साधा वर्तमानकाळ ठेवला तर वाक्य वेळापत्रकासारखं किंवा रोजच्या सवयीसारखं ऐकू येतं, नाहीतर अर्धवट. म्हणून "आय'ल कॉल यू टुमॉरो." "वेट, आय'ल हेल्प यू." "आय'ल चेक अँड लेट यू नो." बोलताना 'विल' पूर्ण म्हणू नका, 'आय'ल' असं मिटवून म्हणा. पूर्ण 'विल'वर जोर पडला की हट्ट ऐकू येतो.

मराठीत 'करतो' आलं की आधी स्वतःला विचारा : हे ठरलेलं सांगतोय, की आत्ता शब्द देतोय? ठरलेलं असेल तर 'आयॅम डूइंग', शब्द असेल तर 'आय'ल डू'. साधं 'आय डू' या दोन्ही ठिकाणी नको.

वकीलसाहिबा

'करेन' आणि 'करतो' यातला हा फरक मी इतक्या वर्षांत कधी असा पाहिला नव्हता. अशील "पैसे देईन" म्हणतो आणि "पैसे देतो" म्हणतो, तेव्हा आम्ही दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवतो, हे मात्र खरं.

दुपारचा_चहा

मुलीने वाचलं. ती विचारतेय, "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम" हे तिच्या पुस्तकात आहे. 'व्हेन'नंतर 'विल' कसं आलं?

केवडा

तिला माझ्याकडून शाबासकी द्या. तिथला 'व्हेन' प्रश्नाचा आहे : 'कधी' येईल ते माहीत नाही. 'आला की' असा अर्थ नाही. मराठीत 'कधी' बसत असेल तर 'विल' घालायचं, 'की' किंवा 'तेव्हा' बसत असेल तर गाळायचं. 'इफ'चंही तसंच. "आय डोन्ट नो इफ ही'ल कम" यातला 'इफ' म्हणजे 'का', 'येईल का ते माहीत नाही'. 'तर' असा अर्थ असेल तिथे 'विल' नको.

"इफ यू विल वेट अ मोमेंट" हेही तिला कुठेतरी भेटेल. तिथे 'विल' म्हणजे 'कृपा करून थांबाल तर', पुन्हा तोच जुना इच्छेचा अर्थ. आणि 'होप'नंतर बहुधा वर्तमानच : "आय होप यू गेट द जॉब." 'विल'ही चालतं, पण वर्तमान जास्त सहज येतं.

सातारी_कंदी

ताई, आजचाच मेल टाकतो. दुरुस्त करून द्याल का? पाठवायचा आहे. (फेलिक्सस्टो हे इंग्लंडमधलं बंदर.)

"द व्हेसल विल सेल फ्रॉम न्हावा शेवा ऑन फ्रायडे. आय सेंड यू द पेपर्स व्हेन आय विल गेट देम फ्रॉम कस्टम्स. इफ देअर विल बी एनी डिले, आय इन्फॉर्म यू. आवर एजंट विल मीट युवर ड्रायव्हर ॲट फेलिक्सस्टो."

केवडा

देते.

"द व्हेसल सेल्स फ्रॉम न्हावा शेवा ऑन फ्रायडे." जहाजाचं वेळापत्रक आहे, म्हणून.

"आय'ल सेंड यू द पेपर्स ॲज सून ॲज आय गेट देम फ्रॉम कस्टम्स." शब्द देताय तिथे 'विल', 'मिळाले की' तिथे वर्तमान. तुमच्या वाक्यात दोन्ही नेमके उलट्या जागी होते.

"इफ देअर इज एनी डिले, आय'ल लेट यू नो."

"आवर एजंट इज मीटिंग युवर ड्रायव्हर ॲट फेलिक्सस्टो." दोघांचं बोलणं झालंय ना? झालं असेल तरच हे. एजंटला तुम्ही अजून सांगायचं असेल तर "विल मीट" राहू द्या, म्हणजे ती जबाबदारी तुम्ही घेताय असं होईल.

सातारी_कंदी

एजंटशी कालच बोलणं झालंय. पण जहाजाची तारीख अजून पुढेमागे होऊ शकते. मग 'सेल्स' लिहू का?

केवडा

मग नको. 'सेल्स' लिहिलंत तर गिऱ्हाईक तारीख पक्की धरेल आणि पुढची गाडी ठरवून मोकळं होईल. "इज ड्यू टू सेल ऑन फ्रायडे" लिहा. तारीख जाहीर झालीय, बदलू शकते, एवढं त्यातून कळतं. आणि तारीख बदललीच तर नव्या मेलमध्ये "इज नाउ सेलिंग ऑन संडे."

सातारी_कंदी

पाठवला. एजंटच्या वाक्यात 'इज मीटिंग' ठेवलं.